बिल गेट्सचं राहू द्या, आधी लॅपटॉप परत द्या

नमस्कार,

तुमचं सहा पानांचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगते, नावगाव अर्थातच गाळून. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तुमचं मशिन शॉप आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), तीन जुने लेथ, फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, येणाऱ्या पंपाच्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) जॉबवर्क. मुलाची बारावी सायन्सची परीक्षा झाली, सीईटी तोंडावर आलीय. रात्री जेवताना तो म्हणतो की मोठ्या टेक कंपन्या काढणाऱ्यांना पैशाची पर्वा नव्हती, त्यांना जगावर आपली खूण सोडायची होती, आणि मलाही तेच करायचंय. तुम्ही म्हणता की ती सगळी मंडळी पैशासाठीच पळतात, तेव्हा मुकाट्यानं कॉम्प्युटरला ॲडमिशन घे आणि 40 लाखांचं पॅकेज आण. यावरून दोन महिने घरात धड बोलणं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "मॅडम, ही माणसं पैशामागं असतात का नावामागं, हे तुम्हीच त्याला एकदा सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

सांगते. पण आधी पत्रात मला जे खटकलं ते.

तुम्हाला उत्तर नकोय, पंच हवाय. त्यानं कुस्ती निकाली ठरवावी आणि तुमचा हात वर करावा, एवढंच. मुलाच्या खोलीत तुम्ही कंपन्यांच्या पॅकेजचा तक्ता चिकटवलाय. त्याचं पेठेतलं फुटबॉल दहावीनंतर बंद केलंय. प्रत्येक सराव परीक्षेचे मार्क घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता, म्हणजे आत्या, मामा आणि इचलकरंजीचे पाव्हणे सगळ्यांसमोर. आणि हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय! अहो, 17 वर्षांच्या पोराचे मार्क ही पेढे वाटायची गोष्ट नाही, आणि कमी पडल्यावर चार लोकांत मान खाली घालायला लावायची तर नाहीच नाही. ते आजपासून बंद.

आणखी एक. घरात पैशाची बाजू तुम्ही लढवताय, पण तुमच्या पत्रात 'पगार' हा शब्द एकदा आलाय आणि 'नाव' अकरा वेळा. मी मोजलं. भावकीत नाव, उद्यमनगरात नाव, 'याचं नाव झालं की माझ्या काळ्या हातांचं सोनं होईल'. खूण मागं सोडायची हौस तुम्हालाच आहे, फक्त ती पोराच्या खांद्यावर चढून. आणि नावाच्या गप्पा मारणारं तुमचं पोरगं सहा पानांत एकच वस्तू मागताना दिसतं, स्वतःचा लॅपटॉप. त्याकडं येतेच.

आता तुमचा प्रश्न. या मंडळींबद्दल विचारलंत तर मी आधी वय विचारेन. बिल गेट्स 20 वर्षांचे होते तेव्हा, 1976 साली, त्यांनी कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना एक उघड पत्र लिहिलं. मजकूर काय, तर तुम्ही आमचं सॉफ्टवेअर फुकटात कॉपी करता, पैसे द्या. त्यात जगाचं भलं शोधून सापडत नाही. 1998 मध्ये मक्तेदारीवरून अमेरिकेच्या सरकारनं त्यांच्या मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. 2000 साली दानधर्मासाठी गेट्स फाउंडेशन उभं राहिलं. आणि 2025 मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, त्यांनी जाहीर केलं की जवळजवळ सगळी संपत्ती 20 वर्षांत वाटून टाकणार आणि 2045 मध्ये फाउंडेशनलाही कुलूप लावणार. माणूस एकच. तुमचा मुलगा 2025 चे गेट्स बघतो, तुम्ही 1998 चे, आणि ताटावर बसून दोघं एकमेकांना खोटं पाडता.

नारायण मूर्तींचं बघा. 1981 मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली, भांडवल सुधाताईंच्या साठवणीतले 10,000 रुपये. नऊ वर्षं ओढाताण झाल्यावर, 1990 मध्ये, 10 लाख डॉलरला कंपनी विकून मोकळं व्हावं का, यावर संस्थापकांची बैठक बसली. विकायचीच असेल तर तुमचे हिस्से मी घेतो, असं मूर्ती म्हणाले. खिशात तेव्हा दमडी नव्हती, हे त्यांनीच पुढं एका भाषणात सांगितलंय. शेवटी कुणी विकलं नाही. हे पैशासाठी केलं का नावासाठी? न विकल्यामुळं दोन्ही मिळालं, त्यामुळं आता दुधातलं पाणी वेगळं काढायला जाऊ नका. मला विचाराल तर त्या दिवशी त्यांना हातातलं काम अर्ध्यावर सोडवेना, एवढंच असावं. (असं न विकता जे बुडाले त्यांची मुलाखत घ्यायला कुणी जात नाही, हेही चिरंजीवांना सांगा.)

एका गैरसमजावर मात्र थांबावं लागेल, कारण तुमच्या मुलाचा सगळा वाद त्यावर उभा आहे. 'स्टीव्ह जॉब्ज वर्षाला एक डॉलर पगार घ्यायचे, म्हणजे त्यांना पैसा नकोच होता.' एक डॉलरचं खरं आहे. 1997 मध्ये ॲपलमध्ये परतल्यावर त्यांनी तोच पगार ठेवला. पण मालकाचा पैसा पगारात नसतो, हिश्शात असतो. जॉब्जनी 1986 मध्ये घेतलेली पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी 2006 मध्ये डिस्नेनं 740 कोटी डॉलरचे शेअर देऊन घेतली, आणि त्यांची मोठी संपत्ती तिथून आली. शिवाय ॲपलनं त्यांना एक विमान बक्षीस दिलं होतं, ते वेगळंच. शेअर नुसता वाढत असतो तोवर त्यावर कर लागत नाही, पगारावर मात्र दरवर्षी लागतो. आणि हिस्सा हातात असला की कंपनी कुठं जाणार हे ठरवायची सत्ताही हातात राहते. फेसबुकच्या झुकरबर्गनी 2006 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, याहूचे 100 कोटी डॉलर नाकारले, त्यात पैशाचा त्याग वगैरे काही नव्हता. हुकूम आपला चालला पाहिजे, हा हिशेब होता. हे तुम्हाला मी काय समजावायचं? तुम्ही स्वतः शॉपमधून पगार घेता का? घरखर्चाला उचल घेता, उरलेलं दुसऱ्या सीएनसीत घातलंत. मग तुम्ही पैशामागं का नावामागं? बघा, तुम्हालाही सांगता येत नाही. मालकाच्या हातात पैसा आणि नाव ही एकच गोष्ट असते.

आणि सगळे मालकच असतात असंही नाही. टीसीएस उभी करणारे फकीरचंद कोहली नोकरदार होते.

आता लॅपटॉप. चौथ्या पानाच्या समासात तुम्ही आडव्या दोन ओळी लिहिल्यात, जणू त्या पत्रात नकोच होत्या. डिसेंबरात, ऐन अभ्यासाच्या दिवसांत, मुलानं शॉपमधलं रिजेक्शनचं, म्हणजे नापास मालाचं, रजिस्टर घरी नेलं, चार महिन्यांच्या नोंदी लॅपटॉपवर घातल्या आणि तुम्हाला दाखवलं की ब्लो होल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) निघालेले बहुतेक जॉब एकाच फाउंड्रीच्या मालातले आहेत. तुम्ही म्हणालात, "हे मला माहीत होतं." आणि लॅपटॉप कपाटात टाकून किल्ली खिशात घातलीत.

साहेब, माहीत होतं का अंदाज होता? ब्लो होल कळतो कधी, तर टर्निंग झाल्यावर, म्हणजे लेथवर कापून झाल्यावर. तोवर ऑपरेटरचा वेळ, इन्सर्ट (कापायचं पातं), वीज, सगळं त्या जॉबवर खर्च झालेलं असतं. माहीत होतं तर चार महिने माल त्याच फाउंड्रीचा का घेतलात? मुलानं जे काम केलं ते त्याला कुणी दिलं नव्हतं. त्यात पॅकेज नव्हतं, नावही नव्हतं. रजिस्टरमध्ये त्याला काहीतरी खुपलं आणि त्याला झोप लागेना. तुम्ही ज्यांच्याबद्दल मला विचारताय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात नेमकी अशीच आहे, आणि ती तुमच्या घरात झाली तेव्हा तुम्ही तिला कपाटात कोंडलंत. सहा पानांत मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं.

रहिमतपूरचे कैलास काटकर घ्या. दहावीपर्यंत शिक्षण, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्ती, मग कॉम्प्युटर दुरुस्ती. दुकानात येणारी मशीन व्हायरसनं बिघडलेली असायची, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी झाली, 2016 मध्ये शेअर बाजारात आली. सुरुवात पोटासाठी होती आणि गिऱ्हाईकाच्या रोजच्या कटकटीतून होती. अझीम प्रेमजींचं तर घरचंच दुकान होतं, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची वनस्पती तुपाची कंपनी. 1966 मध्ये वडील गेले, 21 व्या वर्षी स्टॅनफर्ड अर्धवट सोडून ते परतले, आणि पुढं त्याच कंपनीची विप्रो होऊन कॉम्प्युटरमध्ये शिरली. राहिलेली पदवीसुद्धा त्यांनी नंतर पूर्ण केली. कॉलेज सोडायची स्वप्नं बघणाऱ्या पोरांना हे शेवटचं वाक्य कुणी सांगत नाही.

तुम्ही मात्र लिहिता, 'शॉपवर पाय ठेवू देत नाही, हात काळे माझे झाले तेवढे पुरे.' या वाक्यामागची माया मला कळते. पण त्यातून मुलाला ऐकू काय येतं? बाप जे करतो ते लाज वाटण्यासारखं आहे. याच गावात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास, दामल्यांना सोबतीला घेऊन, चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला. तेव्हा त्यांचे हात काही गोरे राहिले नसतील.

ॲडमिशनचं लवकर उरकते. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी, मग कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या), हे तुम्हाला क्लासवाल्यांनी पाठ करून दिलेलंच आहे. कॉम्प्युटरच पाहिजे हा हट्ट सोडा. मेकॅनिकल मिळालं तरी हा मुलगा कोडिंग करणारच, आणि शॉप फ्लोअर कळणारा कोडर सहजासहजी मिळत नाही. शॉप तारण ठेवून पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातली सीट घ्यायचा जो बेत लिहिलाय, तो फाडून टाका. कोल्हापूर-सांगलीत शिकण्याजोगी कॉलेजं आहेत. आणि 40 लाखांचे जे आकडे फ्लेक्सवर दिसतात त्यांत बोनस, शेअर असं बरंच मिसळलेलं असू शकतं. भिंतीवरचा तक्ता काढताना तेवढं लक्षात असू द्या.

चिरंजीव, हे तूही वाचशील म्हणून दोन ओळी तुला. 'जगावर खूण सोडायचीय' हे 17 व्या वर्षी बोलायला छान वाटतं, पण त्याला अजून काही अर्थ नाही. खूण कसली, ते आधी दिसू दे. रजिस्टरचं काम तू अर्धं केलंयस. माल फाउंड्रीतून आल्याबरोबर, मशीनवर चढायच्या आधी, कुठला लॉट वाईट आहे हे सांगता येईल का? ते तुला अजून येत नाही. शीक. कॉलेज सोडायची भाषा एवढ्यात नको, आणि मुलाखती बघणं जरा कमी कर.

मालक, तुम्हाला एवढंच. सीईटीपर्यंत मुलाला अभ्यास करू द्या, संध्याकाळी तासभर मैदानावर जाऊ द्या. पेपर संपला त्या दिवशी कपाट उघडा आणि दुसऱ्या दिवशी त्याला शॉपवर न्या, साहेबाचा पोरगा म्हणून नाही, मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या हाताखाली. तीन महिन्यांनी मला रिजेक्शनचा आकडा कळवा. पत्र त्याला लिहू द्या.