दहाही गाण्यांत तूच बरोबर कसा?

प्रिय मित्रा,

तुमच्या तुटलेल्या नात्यावरच्या गाण्यांचे डेमो ऐकले. सूर चांगले लागलेत. पण दहाही गाण्यांत तूच बरोबर आहेस, आणि खरी अडचण तिथे आहे. इतकं लांबलेलं नातं संपतं तेव्हा तिचीही एक बाजू असते. निदान दोन गाणी तिच्या तोंडची लिही, आणि त्यात तिला बाजू नीट मांडू दे. फ्लीटवूड मॅक या बँडचा १९७७ चा 'रूमर्स' हा अल्बम अजून ऐकावासा वाटतो तो मला वाटतं यामुळेच. बँडमधली दोन जोडपी फुटत होती आणि त्या चौघांतले तिघं आपापली गाणी घेऊन चौथ्यासोबत एकाच स्टुडिओत बसले होते.

त्यातलं 'ड्रीम्स' गिटारवर वाजवून बघ. जवळजवळ सगळं गाणं एफ आणि जी या दोनच कॉर्डवर झुलतं. कान सीची, म्हणजे घरच्या कॉर्डची, वाट बघत राहतो, ती येत नाही. तुझी मात्र प्रत्येक ओळ सीवर येऊन टेकते. तिसऱ्या गाण्यातला शेवटचा सी काढ, एफवरच सोडून दे. वेगाचंही तेच. 'ड्रीम्स' मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास आहे; हळुवार आहे ते गाणं म्हणणं, खाली बास आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चालतच राहतात. तू सगळं ७२ वर बसवलंयस, चौथ्या गाण्यापर्यंत ऐकणारा पेंगतो.

शब्दांकडे जास्त वेळ दे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आलीस-गेलीस', 'होते-नव्हते' ही यमकं फुकट मिळतात आणि कानाला फुकटचीच वाटतात. काही ओळी नामावर संपव: किल्ली, भाडेकरार, गंगापूर रोडवरचा दुसरा मजला. लांब सूर दीर्घ अक्षरावर ठेव. 'तुझ्याविना'तला 'वि' ओढलास की 'वी' ऐकू येतो. ओढायचं तर 'ना' ओढ.

ध्वनिमुद्रण घरीच करणार असशील तर डिसेंबर-जानेवारी धर. नाशिकच्या थंडीत पंखा आणि खिडक्या बंद ठेवून तासन्‌तास गाता येतं. मे महिन्यात पंखा बंद केलास तर घामाने हैराण होशील, चालू ठेवलास तर त्याची घरघर माइकमध्ये जाईल. गोधड्या तुझ्या पाठीमागे टांग, माइकच्या मागे नव्हे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या, माइकचं तोंड तुझ्याकडे असतं, त्यामुळे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच त्यात जास्त शिरतो. तोंडापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे 'प', 'फ'चा फुत्कार अडवणारी जाळी. सगळ्यात मोठा सूरही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. शून्याला लागून फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही.

अकूस्टिक गिटार दोनदा वाजव, एक टेक (एका दमात केलेलं ध्वनिमुद्रण) डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकलास तर तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. तारा आदल्या दिवशी बदल आणि ताणून ठेव, नाहीतर दर टेकला उतरतील.

शेवटचं, आणि यात तडजोड करू नकोस. सातव्या गाण्याच्या सुरुवातीला तिची व्हॉइस नोट वापरली आहेस. तिला विचार, होकार लेखी घे. गाण्यांमध्ये तिचं नाव आणि सोसायटीचं नाव नको, रस्ता चालेल. ती नाही म्हणाली तर नोट काढून टाक आणि तिथे आठ बार (तालाची आठ आवर्तनं) नुसता बास ठेव.

तुझा,
दादा