तारण कृपेने होतं, तर मग नियम कशाला पाळायचे?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. शिफ्टमुळे रविवारची उपासना चुकते आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला देणं) पूर्ण जात नाही, म्हणून देव नाराज असेल का, हा एक. आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच होत असेल तर हे नियम हवेतच कशाला, हा दुसरा. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, साधा सभासद आहे. दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

हा वाद ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्याच पिढीत पेटला होता. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनीही सुंता करून घेतलीच पाहिजे, असं काहींचं म्हणणं. यरुशलेमेत प्रेषितांची बैठक होऊन ती अट नाकारली गेली (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15). पण मला जास्त बोलका वाटतो तो अंत्युखियातला प्रसंग. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली तसा तो हळूच बाजूला झाला. प्रेषित पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं (गलती 2). वाद पंगतीवरून झाला, हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागू नये! पौल स्वतः यहुदी, मोशेच्या नियमशास्त्रात मुरलेला. नियम वाईट असं तो म्हणत नाही. देवाच्या घरात कोण बसणार हे नियम ठरवू लागला, की तो आडवा येतो.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. बालपण तीर्थयात्रा, व्रतं, उपास यांत गेलेलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण आपल्या करण्यावर नाही, ते फुकट मिळालेलं दान आहे, हे मनात उतरायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही माणूस जुनाच हिशेब नव्या वहीत लिहीत राहू शकतो. आपल्या मंडळ्यांमध्ये हे सर्रास चालतं, असं माझं मत.

आणि कृपा कळल्यावर त्या हात बांधून बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना त्यांनी आणलं, केडगावला मुक्ती मिशन या संस्थेचं काम उभं केलं, शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये नाराजी ओढवूनही त्यांनी शाकाहार सोडला नव्हता. नियम होता, पण त्यावर तारण टांगलेलं नव्हतं.

'कृपा आहे ना, मग चालतंय काहीही' म्हणणारेही भेटतील. त्यांना पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातच झापलंय, ते वाचा. एकच भर घालतो: असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा दुसऱ्याकडून मात्र नियम काटेकोर पाळून हवे असतात.

आता तुमचं. रविवारी ड्यूटी असेल तर ती सोडू नका; तुम्ही ड्यूटीवर असता म्हणूनच दुसऱ्या कुणाचं अडत नाही. पाळकांना सांगून आठवड्यातली प्रार्थनासभा किंवा घरची उपासना गाठा. ही हजेरी भरायची म्हणून नको. एकटं पडलं की विश्वास सुकतो, म्हणून. दशमांशाबद्दल व्यासपीठावरून मलाखी 3 (पूर्ण दशमांश आणा, असं सांगणारा अध्याय) ऐकवलं जातं, पण 2 करिंथ 9:7 क्वचितच: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडलं म्हणून नाही. घरात आजारपण, डोक्यावर कर्ज असेल तर झेपेल तेवढं द्या. उसनवारी करून दानाचं पाकीट भरू नका. आणि मंडळीत कुणी त्यावरून टोमणे मारत असेल, तर पाळकांशी एकट्यात बोला. बहुतेकांना असं काही चाललंय याची कल्पनाच नसते.