तांब्याच्या तारेवरचा हिरवा थर: मोरचूद की दुसरंच काही?

प्रश्न: सर, नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं अर्धं बुडवून ठेवलं होतं. आठ-दहा दिवसांत पाणी निळसर हिरवं झालं, पण बुडालेली तार चकचकीत राहिली आणि हिरवा थर आला तो वरच्या भागावर. घरचे म्हणतात मोरचूद झालं. खरंच का? आणि प्रोजेक्टसाठी कॉपर ॲसिटेट घ्यावं का, त्याचा मटेरियल्समध्ये नक्की उपयोग काय?

उत्तर: बुडालेली तार चकचकीत राहिली हे तू बघितलंस आणि लिहिलंस, फार छान वाटलं वाचून, कारण सगळं रसायनशास्त्र त्यातच आहे. नुसत्या व्हिनेगरमध्ये तांबं विरघळत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून गंज चढतो तो ओलावा आणि हवा जिथे भेटतात तिथे. फ्रान्समध्ये माँपेलिए गावच्या बायका पूर्वी घरच्या तळघरात हाच हिरवा रंग बनवायच्या, तांब्याचे पत्रे आंबट द्राक्षांच्या चोथ्यात थरावर थर लावून ठेवायचे आणि मग वरचा हिरवा थर खरवडून काढायचा.

मोरचूद नाही हं ते, व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडपासून झालेलं कॉपर ॲसिटेट आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि तुझ्या बरणीत सल्फेट आलंच नाही. खात्री हवी तर कॉलेजच्या लॅबमध्ये थोड्या द्रावणात बेरियम क्लोराईड टाकून बघ, मोरचुदाला लगेच पांढरा साका येतो, याला येणार नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॉपर ॲसिटेटच्या स्फटिकात तांब्याचे अणू जोडीने राहतात, दोन अणू समोरासमोर आणि चार ॲसिटेट त्यांना चारी बाजूंनी बांधतात, पाणचक्कीच्या चाकाच्या पात्यांसारखे, आणि दोन्ही टोकांना पाण्याचा एकेक रेणू. दोन तांब्यांमधलं अंतर साधारण 0.26 नॅनोमीटर, म्हणजे तांब्याच्या धातूत शेजारच्या अणूंमध्ये असतं जवळपास तेवढंच! तरी त्यांच्यात खरा बंध असा नाही, पण ॲसिटेटमधून एकमेकांचा पत्ता लागतो आणि दोघांचे सुटे इलेक्ट्रॉन उलट दिशेने जुळतात. म्हणून थंड करत गेलं की याचं चुंबकत्व साधारण उणे 18 अंशांच्या खाली वाढायच्या ऐवजी कमी होत जातं. बी. सी. गुहा या संशोधकांनी 1951 मध्ये हे मोजून छापलं, पुढच्याच वर्षी ब्लीनी आणि बॉवर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावरून अणू जोडीने असणार असं सांगितलं, आणि 1953 मध्ये एक्स-रेने ती जोडी प्रत्यक्ष दिसली. आधी चुंबकाने ओळखलं, मग डोळ्यांनी पाहिलं.

हीच पाणचक्की पुढे मोठी झाली. ॲसिटेटच्या जागी तीन हातांचं ट्रायमेसिक ॲसिड वापरलं की या जोड्या एकमेकींना जोडल्या जाऊन पोकळ्यांचं जाळं तयार होतं, 1999 मध्ये हाँगकाँगमध्ये केलेला एचकेयूएसटी-१ (HKUST-1) नावाचा सच्छिद्र पदार्थ तो हाच. त्याला तापवून टोकाचं पाणी घालवलं की तांब्यावर जागा रिकामी होते आणि तिथे वायूचे रेणू येऊन चिकटतात, फिकट निळा रंगसुद्धा गडद होतो. अशा सच्छिद्र पदार्थांच्या कामाला 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रोजेक्टला मात्र मी तुला कॉपर ऑक्साईडची पातळ फिल्म सुचवेन. ती करायला कॉपर ॲसिटेटच घे. कॉपर क्लोराईड घेतलं तर क्लोरीन मागे राहून फिल्म बिघडवू शकतं, ॲसिटेट तापवलं की त्यातला ॲसिटेटचा भाग ॲसेटिक ॲसिड, ॲसिटोन, कार्बन डायऑक्साईड होऊन उडून जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हे नीट विरघळत नाही, हिरवट गढूळ दिसतं, मग मोनोइथेनॉलअमाईनचे थेंब टाकत ढवळत राहायचं आणि बघता बघता सगळं स्वच्छ गडद निळं होतं, तो क्षण चुकवू नकोस. मग काचेवर स्पिन कोटिंग करायचं, म्हणजे काच वेगाने फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवायचा, सुकवायचं, परत थर द्यायचा, शेवटी 400-500 अंशांना भट्टीत. हवेत तापवलं तर काळं कॉपर ऑक्साईड मिळतं, नायट्रोजनमध्ये मात्र लाल क्युप्रस ऑक्साईड किंवा चक्क तांबंसुद्धा येऊ शकतं, त्यामुळे भट्टीत हवा कोणती होती ते वहीत लिहायचंच. थर सुकायच्या आत दुसरा चढवला की फिल्मला तडे जातात, माझे एम.एस्सी.ला दोन आठवडे यातच गेले.

आणि बाटलीवरचं लेबल वाच गं. पाण्यासकट असलेल्याचा रेणुभार 199.65, कोरड्याचा 181.63. 0.1 मोलरचं 50 मिली करायला पहिलं जवळपास 1 ग्रॅम लागतं, दुसरं 0.91 ग्रॅम, आणि इथे गल्लत झाली की सगळे आकडे दहा टक्क्यांनी चुकतात.

बरणीतलं ते द्रावण विषारी आहे, स्वयंपाकघरातून आजच हलव आणि मोरीत ओतू नकोस, बाटलीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये दे.

प्रश्न: पितळी भांड्यात ताक कळकतं, ते पण हेच का?

उत्तर: भाऊबंद म्हणा. ताकात लॅक्टिक ॲसिड असतं, त्यामुळे मुख्यतः कॉपर लॅक्टेट होतं, ॲसिटेट नाही, पण आंबट अधिक हवा अधिक तांबं हा प्रकार तोच. मळमळ, उलटी यानेही होते. कल्हईचं कथील मध्ये आलं की ताक तांब्यापर्यंत पोचत नाही, म्हणून भांड्याच्या आत कुठे तांबूस-पिवळं दिसायला लागलं की परत कल्हई करून घ्या आणि तोवर ताक, चिंच, कोकम त्यात ठेवू नका.