मालवण-तारकर्लीकडचे लोक गाडीचा नंबर बघून पर्यटकाला जोखतात आणि आकसाने वागतात, हे खरं आहे का?

जोखतो, हो. बारा नंबर दिसला की पुणेकर: थाळीचा दर आधी विचारणार, मग त्यात सोलकढी धरली आहे का ते विचारणार. शून्य नऊ म्हणजे कोल्हापूर: गाणी मोठ्याने, पाण्यात सगळ्यांच्या पुढे, पण खायला-घालायला हात सैल. मुंबईची गाडी असली तर कुणाचा तरी चाकरमानी निघेल म्हणून जपून बोलतो. जेट्टीवर, रिक्षा थांब्यावर, खानावळीत हे रोज चालतं आणि मीही बोलतो.

आकसाचं म्हणालात ते मात्र लागलं.

आमचं घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोराने मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी रापण ओढत होतो. जाळं अजून पाण्यात, दोन्ही बाजूंना माणसं दोराला लागलेली. तेवढ्यात एक मोठी गाडी वाळूत उतरली, आमचा दोर चाकाखाली घेत थेट पाण्याच्या कडेला गेली. फोटो काढायचे होते. ओली वाळू दिसायला टणक असते, भरतीचं पाणी चाकाखाली शिरलं की सुटते. आमच्यातला एक म्हातारा ओरडला, "गाडी मागे घेवा, भरती येता हा, बुडतली!" त्यांना वाटलं हाकलतोय. काच वर केली.

मागची चाकं रुतली, लाटा दरवाजाला लागायला लागल्या. आत लहान मुलं होती. आधी मुलं बाहेर काढली, मग निम्मी माणसं दोर सोडून गाडीला भिडली. गाडी निघाली. तोवर जाळं एका अंगाला आडवं झालं होतं, तारली सगळी निसटली. एवढ्या माणसांच्या वाट्याला आले कालवणापुरते पेडवे. गाडीवाल्याने पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने नाही म्हटलं, पोरांनी चहापाण्याला म्हणून घेतले. रात्री त्याच प्रसंगाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत आला. वर लिहिलेलं, 'कोकणात पर्यटकांना अडकवून पैसे उकळतात.' त्या गाडीचा नंबर मी इथे देणार नाही, कारण मग सगळी चर्चा त्या शहरावर जाईल.

त्या दिवसापासून कुठलीही गाडी वाळूकडे वळली की आमचा आवाज चढतो. तुम्हाला आकस वाटतो तो बहुतेक हाच. बाकी सुरमई-पापलेटशिवाय मासा माहीत नसणं, जुलैत मासेमारी बंदीच्या दिवसांत 'ताजी सुरमई नाही म्हणजे फसवताय' म्हणणं, याचा राग येतो, पण तो जेवण वाढेपर्यंत जातो.

माझ्या चुलत भावाचा वॉटर स्पोर्ट्सचा धंदा आहे. तो म्हणतो, 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, आता रापणीवर कोण जगतं, गिऱ्हाईक दुखावू नका. मी त्याला तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो: रापणीला मोकळा किनारा लागतो. दोन दोरांच्या मधली वाळू गाड्यांना दिली तर रापण संपली, आणि मग सकाळी मासळी बघायला म्हणून जो पर्यटक येतो, त्याला तू काय दाखवणार? गिऱ्हाइकाला दोन शब्द आधी सांगितले तर तो दुखावत नाही. बहुतेक जण ऐकतात, उलट चपला काढून दोर ओढायला येतात. ओढू लागलात तर घरी न्यायला मासळी मिळते, ही जुनी रीत अजून चालू आहे.

एक सांगायचं राहिलं. आमच्या शून्य सातच्या गाड्याही वाळूवर उतरतात, त्यात गावचीच पोरं असतात. त्यांना आम्ही पाहुण्यांपेक्षा कमी ओरडतो, आणि हे चूक आहे.

तुम्ही येणार असाल तर गाडी रस्त्याला ठेवा, चालत या. फोनवर कुणी 'गाडी खालीच घेऊन या' म्हणालं तर ऐकू नका, तो माझा भाऊ असला तरी.