मुलगी वल्हवत नाही, मग परदेशी शर्यतीला कशाला?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या मुलींच्या रोइंग टीममध्ये ती कॉक्स आहे, म्हणजे बोटीत बसून दिशा सांभाळणारी आणि सूचना देणारी. जुलैच्या सुरुवातीला टीम इंग्लंडमध्ये हेन्ली रॉयल रेगाटा या बोटींच्या शर्यतीला जायचं म्हणतेय. विमानाचं तिकीट आणि राहणं आमच्या खर्चानं. नेमकी तेव्हाच तिची इंटर्नशिप सुरू होते. सीनियर म्हणतात, परदेशातलं सर्टिफिकेट असलं की पुढची ॲडमिशन सोपी. पण ही तर वल्हवतही नाही, नुसती बसून ओरडते! त्याला कोण विचारणार? शिवाय वजन कमी हवं म्हणून तिनं रात्रीचं जेवण सोडलंय. पाठवू का? – एक आई

उत्तर : नमस्कार. आधी जेवणाचं बोलू, बाकीचं थोडं थांबलं तरी चालेल. जागतिक रोइंग संघटनेच्या नियमानुसार कॉक्सचं वजन किमान ५५ किलो धरलं जातं. कमी भरलं तर तेवढा भार बोटीत तिच्याजवळ ठेवावा लागतो, जास्तीत जास्त १५ किलो. म्हणजे ती ५१ किलोची असली काय आणि ५५ ची असली काय, बोट तेवढंच वजन ओढणार. हेन्लीची नियमावली वेगळी असते, तेव्हा तिथला आकडा कोचकडून लेखी घ्या आणि तो मुलीसमोर ठेवा. त्या आकड्याच्या खाली उतरून एका सेकंदाचाही फायदा नाही. जेवण तरीही सुटलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. मग शर्यतीचा विषय बाजूला.

आता ‘नुसती ओरडते’ याविषयी. आठ जणींच्या बोटीत वल्हवणाऱ्या सगळ्या जणी पाठ फिरवून बसलेल्या असतात. पुढचं पाणी दिसतं ते फक्त कॉक्सला. सुकाणू तिच्या हातात असतं आणि ते जितकं वळवावं तितकी बोट मंदावते, त्यामुळे कमीत कमी हात लावून बोट सरळ ठेवणं हेच कसब. समोर दर मिनिटाचे स्ट्रोक, म्हणजे वल्ह्यांचे फटके, दिसत असतात. प्रतिस्पर्धी किती मागे आहे, जोर आता लावायचा की अजून थोडं धरायचं, हे ठरवायला तिला दोन-चार श्वासांचा अवधी मिळतो. आणि सांगायचं असतं दमछाक झालेल्या आठ जणींना, त्यांचा विश्वास बसेल अशा आवाजात. काठावरून यातलं काही कळत नाही, हे खरं.

पण सर्टिफिकेटच्या भरवशावर राहू नका. हेन्लीला एका वेळी दोनच बोटी धावतात आणि हरली ती बाद. अंतर २,११२ मीटर, तेही थेम्सच्या प्रवाहाविरुद्ध. कॉलेजच्या मुलींच्या बोटीला साधारण सात मिनिटं लागतात. आयोजकांनी थेट प्रवेश दिला नाही, तर आधीच्या शुक्रवारी पात्रता फेरी असते आणि तिथेच परतीचा रस्ता लागू शकतो. एवढा खर्च करून सात मिनिटं, हे मनाला पटत असेल तरच पाठवा. परदेशातल्या फेरीचा नुसता कागद पाहून सहसा कुणी प्रवेश देत नाही, नोकरीही नाही.

उपयोग होतो तो तिला काय सांगता येतं त्याचा. बरेच कॉक्स सरावात आणि शर्यतीत आपल्या सूचना रेकॉर्ड करतात आणि नंतर कोचबरोबर बसून ऐकतात. तिनं आत्तापासून तेच करावं आणि एक वही ठेवावी : कुठला निर्णय घेतला, कशावरून घेतला, बोटीचं पुढे काय झालं, पुढच्या वेळी काय बदललं. ‘टीमवर्क आणि नेतृत्वगुण’ हे शब्द मी रोज शंभर बायोडेटांत वाचतो आणि पुढे सरकतो. ‘निम्म्या अंतरावर मागे असताना मी स्ट्रोकचा वेग का वाढवू दिला नाही’ हे दोन मिनिटांत नीट सांगणाऱ्या मुलीपाशी मात्र मुलाखत घेणारा थांबतो. पुढे परदेशी शिकायचं असेल, तर एक गोष्ट कामाची आहे : तिथल्या अनेक विद्यापीठांच्या टीममध्ये पदव्युत्तर विद्यार्थीही असतात आणि पुरुषांच्या बोटीवर मुलगी कॉक्स असणं यात आता नवल नाही. १९८१ मध्ये ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या बोटीवर स्यू ब्राउन होती. केंब्रिजविरुद्धची ती शर्यत ऑक्सफर्डनं जिंकली.

इंटर्नशिपचं कोडं तितकं अवघड नाही. कंपनीला आजच मेल करायला सांगा. स्पर्धेच्या तारखा कळवायच्या, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारायचं आणि कॉलेजचं पत्र जोडायचं. मेल तिनं लिहावी, तुम्ही नाही. अशा विनंत्या लवकर गेल्या तर बहुतेक वेळा मान्य होतात. ऐनवेळी गेल्या की माणूस बेभरवशाचा ठरतो. कंपनी अडून बसली आणि त्या इंटर्नशिपमधून पुढे नोकरी मिळायची खरी शक्यता असेल, तर मी इंटर्नशिप निवडेन. नुसता उपस्थितीचा कागद मिळणारी असेल, तर खुशाल शर्यतीला जाऊ द्या. मात्र नकार द्यायचा झाला तर टीमची नावं जाण्याआधी. नवीन कॉक्सशी जुळायला आठ जणींना वेळ लागतो आणि तो त्यांच्याकडून हिरावून घेणं बरं नाही.

कर्ज काढून मात्र पाठवू नका. होकार देण्याआधी कॉलेजकडून एवढं लेखी घ्या : तिथे बोट भाड्यानं कोण घेणार, मोडली तर भरपाई कुणाची, विमा कुणाच्या नावे, व्हिसा नाकारला गेला तर भरलेल्यापैकी किती परत मिळणार आणि पात्रता फेरीतच बाहेर पडल्यास मुली कुठे राहणार. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.