विमान बघून नाही, नंबर बघून बिड कर

अभिनंदन रे! उडवण्याचे १५०० तास भरून अमेरिकेत मोठ्या एअरलाईनला पायलट म्हणून लागलास, चेष्टा नाही. पण आता एक डोक्यात पक्कं बसव, शेड्युलच्या बाबतीत तू किती भारी उडवतोस हे इथे कुणी विचारत नाही, जॉइनिंगची तारीख बघतात बस, त्यावरूनच तुझा सिनिऑरिटी नंबर ठरतो. एकाच बॅचमध्ये पण बऱ्याच ठिकाणी वयाने मोठा तो वर.

क्लासमध्ये विमानांची यादी आली की ७७७ बघून हुरळू नकोस. त्या बेसला (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), त्या विमानावर, त्या सीटवर (कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर) तू कितवा आहेस ते बघ, कारण दर महिन्याचं बिडिंग, म्हणजे हव्या त्या फ्लाइट आणि सुट्ट्या मागणं, त्यावरच चालतं. मोठ्या विमानावर तळाला अडकलास तर रिझर्व्ह, म्हणजे कुणी गळालं तर बोलवायला राखीव, फोन उशाशी, वीकेंडला ड्युटी, दिवाळीचं तर नावच काढू नको. त्यापेक्षा छोटं ७३७ किंवा ए३२० बरं. न्यूयॉर्कला लोक टिकत नाहीत म्हणून तिथे नंबर भराभर सरकतो, पण घर दुसऱ्या शहरात ठेवून शॉर्ट कॉल रिझर्व्ह (फोन आला की थोड्या वेळात हजर) करायचा म्हणजे जिवाचे हाल, मी केलंय, क्रॅशपॅडमध्ये (क्रूने मिळून भाड्याने घेतलेली झोपायची जागा) बंक बेडवर, खालचा घोरतोय. आणि सीट लॉक (घेतलेलं विमान-सीट बदलता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा ते काँट्रॅक्टमध्ये आधी वाच.

वरचे ६५ ला रिटायर होतात तसा तू वर जातोस. कंपनी बदललीस की मात्र परत शेवटून पहिला, २० वर्षांचा अनुभव असला तरी!

कॅप्टनचं अपग्रेड लवकर मिळालं तरी कॅप्टनांत परत तळाला, म्हणजे रिझर्व्ह आलाच, तेव्हा आधी बायकोला विचार.