कोकणकन्या की तुतारी?

प्रश्न : ताई, माझा मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात १८ डिसेंबरला दोह्याहून मुंबईला येतायत. विमान संध्याकाळी ७.४० ला उतरतं. त्याच रात्री सीएसएमटीहून ११.०५ ची कोकणकन्या पकडू म्हणतात. वेळ पुरेल ना? विमानाची तिकिटं काढून झालीत.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : सगळं वेळेवर झालं तर पुरेल. पण माझीच माणसं असती तर मी कोकणकन्येचं तिकीट काढलं नसतं.

विमान ७.४० ला टेकलं तरी पुढे इमिग्रेशनची रांग, बेल्टवर बॅगांची वाट बघणं आणि कस्टम्स आहेच. आखातातून येणाऱ्यांच्या बॅगा किती असतात ते मी तुम्हाला काय सांगू! सव्वानऊ-साडेनऊला विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या बाहेर पडले तर ठीक झालं म्हणायचं. तिथून सीएसएमटी म्हणजे मुंबईचं दुसरं टोक. विमान तासभर लेट झालं की संपलंच. विमान कंपनी गाडीचं बघत नाही, आणि चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. कोकणकन्या दादरला पकडता येते, पण तिथे ती जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. कडेवर पोर आणि हातात ट्रॉल्या घेऊन ते जमायचं नाही.

त्यापेक्षा तुतारी एक्सप्रेस घ्या. दादरहून रात्री १२.०५ ला सुटते, कुडाळला थांबते. वाटेत जवळजवळ प्रत्येक गावाला रामराम करत जाते, त्यामुळे पोहोचायला उशीर होईल. पण ती दादरहूनच सुटत असल्याने आधी फलाटावर लागते, बॅगा निवांत लावता येतात.

आता तारीख बघा. १८ च्या रात्रीची गाडी असली तरी बारा वाजून गेलेले असतात, म्हणून तिकीट १९ डिसेंबरचं. आरक्षणाच्या खिडकीमागे माझी नोकरी गेली. आदल्या तारखेचं तिकीट घेऊन आलेली, रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी चोवीस तास आधीच निघून गेलेली असते, त्यावर खिडकीतला माणूस तरी काय करणार? आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे २० ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता.

टॅक्सीवाल्याला 'दादर पूर्व' असं स्पष्ट सांगायला लावा. पश्चिमेला उतरवलं तर सगळ्या बॅगा पुलावरून न्याव्या लागतील. टी-२ ला आता मेट्रो आली आहे, पण तिचं दादर स्थानकही पश्चिमेलाच. मुलगा बऱ्याच दिवसांनी येत असेल तर हेही सांगा : डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या दादरचे फलाट ८ ते १४ झालेत.

(पुढच्या खेपेला गोव्यातल्या मोपा विमानतळाचं तिकीट बघा. कुडाळ तिथून गाडीने जवळ आहे, रेल्वेची भानगडच नको.)

तिकीट वेटिंगवर राहिलं तर तात्काळ कोट्यातून काढा. एसीचं बुकिंग १८ तारखेला सकाळी १० ला उघडेल आणि आयआरसीटीसीचं (रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांचं) खातं आधारशी जोडलेलं लागेल. दोह्यात तेव्हा साडेसात वाजलेले असतील, मुलगा बॅगा बांधत असेल. ते काम तुम्ही अंगावर घ्या.